लेख पुन्हा लिहायच्या आधी आवणीला ये

राजूर, ता. अकोले,
जि. अहिल्यानगर
आर्द्रा नक्षत्र

चि. सोनूस,


तुझा लेख पोचला. मोबाईलवर अक्षर बारीक दिसतं, म्हणून बाजारपेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणला आणि ओटीवर बसून दोनदा वाचला. पाऊस चालू होता, लाइट गेली होती, त्यामुळे मध्ये कोणाचा अडथळा आला नाही. पुण्यात फिल्म अर्काइव्हमध्ये ‘जैत रे जैत’ मोठ्या पडद्यावर बघायला मिळाला, हे तुझं भाग्यच. आम्ही तो कॉलेजात असताना संगमनेरला पाहिला होता. थेटरातून बाहेर पडल्यावर एस.टी. स्टँडपर्यंत आमच्यापैकी कोणी बोललं नव्हतं.

‘मामा, गोड बोलू नकोस, खरं सांग,’ असं तू लिहिलं आहेस. म्हणून खरं सांगतो.

लेखात चूक एकही नाही. सिनेमा १९७७ चा, जब्बार पटेलांचा, गोनीदांच्या कादंबरीवरून केलेला, गाणी महानोरांची, संगीत हृदयनाथांचं. सगळं जागच्या जागी आहे. कॅमेरा कुठे ठेवला, उजेड कसा घेतला, गाण्यांनी कथा पुढे कशी नेली, हेही तू नीट मांडलं आहेस. दोन परदेशी दिग्दर्शकांशी तुलना आहे, ती मला कळली नाही, पण तुझ्या प्राध्यापकांना कळेल. माझी अडचण निराळी आहे. चार पानं संपली तरी मला त्यात एकही ठाकर भेटला नाही. ‘आदिवासी जीवनाचं लयबद्ध चित्रण’ एवढे शब्द लिहून तू पुढच्या मुद्द्याकडे निघून गेलीस.

अगं, तू दर उन्हाळ्यात ज्या वाडीवर करवंदं तोडायला जायचीस, ती ठाकरवाडीच की. तिथली म्हातारी तुला पानाच्या द्रोणात आंबटगोड काहीबाही भरून द्यायची. तिच्या नातवाने तुला एकदा कड्यावरचं आग्या मोहोळ लांबून दाखवलं होतं आणि ओठावर बोट ठेवून, आवाज करू नको म्हणून खुणावलं होतं. घरी आल्यावर तूच हे मला सांगितलं होतंस, आठवतं? त्या मोहोळाचा मध उतरवायला माणूस अंधारात दोराला धरून कड्यावरून खाली जातो. हाताशी धुराचा चूड असतो. वर दोर धरलेल्याच्या हातात त्याचा जीव असतो, म्हणून दोर कोण धरणार हे आधी ठरतं आणि ते उगाच बदलत नाहीत. सिनेमातल्या नाग्याचा डोळा माशीच्या दंशाने जातो आणि राणीमाशीला संपवायचा ध्यास त्याला लागतो. पुण्यातल्या प्रेक्षकाला ती मोठी रूपककथा वाटते, ते ठीकच आहे. पण तुला तिथे तो दोर आठवायला हवा होता. त्या अंधाऱ्या हॉलमध्ये बसलेल्या किती जणांनी खरं आग्या मोहोळ पाहिलं असेल? तू पाहिलं होतंस, आणि लेखात तेच लिहायचं राहिलं.

हे मी तुला अधिकाराने सांगतो, कारण हीच चूक मी आधी केली आहे. नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली होती. भंडारदऱ्याच्या पावसावर मी एक लेख लिहिला आणि तो एका दिवाळी अंकात छापून आला. ढग, धुकं, कड्यांवरून कोसळणारे पांढरे धबधबे, रंध्याच्या धबधब्याचा आवाज, सगळं त्यात होतं. मोठ्या उत्साहाने मी तो तुझ्या आजीला वाचून दाखवला. ती नागली निवडत होती. सूप खाली न ठेवता तिने सगळं ऐकलं. शेवटी म्हणाली, “चांगलं लिवलंय रं. पर येवढ्या पावसात समदी मान्सं कुठं गेली?”

मी गप्प झालो. त्याच पावसात ती स्वतः पंचेचाळीस वर्षं भाताच्या आवणीला वाकत होती. डोक्यावर इरलं, गुडघ्यापर्यंत चिखल, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या, रात्री चुलीपुढे बसून त्यांवर तेल लावायचं. मी रोज हे बघत मोठा झालो. लिहायला बसलो तेव्हा मात्र लिहिण्यासारखं सुंदर ते तेवढं धुकंच, असं मला वाटलं. पुस्तकांत मी तसंच वाचलं होतं. तो अंक अजून माझ्या ट्रंकेत आहे. मी तो कोणाला दाखवत नाही.

सिनेमाकडे कसं पाहावं हे मला एका सातवीतल्या मुलाने शिकवलं. ‘फँड्री’ २०१४ साली आला. पुढे कधीतरी आम्ही तो शाळेच्या हॉलमध्ये मुलांना दाखवला. त्यात जब्याच्या घरचे सगळे डुक्कर पकडायच्या मागे असतात. ते हाताशी येतं, तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात आणि डुक्कर निघून जातं. हॉलमधली आमची मुलंही सवयीने उभी राहिली. काही जण हसले. सिनेमा संपल्यावर मी विचारलं, काय कळलं? जातिभेद वाईट, शिक्षण घ्यावं, अशी उत्तरं आली. आम्हीच त्यांना तशी उत्तरं द्यायला शिकवलेलं असतं. मागच्या रांगेतला एक मुलगा हात वर करून म्हणाला, “गुर्जी, डुक्कर पळालं, मंग त्येंची त्या दिवसाची मजुरी बुडाली का?”

नागराज मंजुळेंच्या त्या सिनेमावर मी पुष्कळ वाचलं आहे, काही फार चांगलंही वाचलं आहे. पण त्या प्रश्नाइतकं सिनेमाच्या जवळ जाणारं काही मला आढळलं नाही. त्याचे आईबाप हंगामात नारायणगावकडे मजुरीला जायचे. खाडा म्हणजे काय हे त्याला घरी कळलेलं होतं, म्हणून पडद्यावरच्या त्या उभं राहण्याची किंमत त्याला रुपयांत दिसली. सोनू, तू असे प्रश्न विचारायला शीक. पडद्यावरच्या माणसाने सकाळी काय खाल्लं? हे घर कोणी सारवलं? हा माणूस इथे मोकळा बसला आहे, तर त्याचं काम या वेळी कोण करतंय? कॅमेऱ्याचं शास्त्र तुला कॉलेज शिकवील, आणि ते शीकच, त्यात कसूर करू नकोस. हे दुसरं मात्र तुला घरूनच न्यावं लागेल.

आणखी एक. आपल्या डांगाणातला बोहडा तू पाहिला आहेस. संबळ वाजतो, मशालीच्या उजेडात सोंग नाचत येतं. मुखवट्याच्या आत कोण आहे हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. कालच त्याच्याकडून कोणी उसना विळा नेलेला असतो. तरी देवाचं सोंग पुढ्यात आलं की हात जोडले जातात. सोंग घेणारा आणि देव, दोघेही लोकांना एकाच वेळी दिसतात, आणि एकामुळे दुसरा खोटा ठरत नाही. सिनेमा असा बघावा असं मला वाटतं. ‘जैत रे जैत’मध्ये चिंधी झालेली स्मिता पाटील ठाकर नव्हती हे ध्यानात ठेव आणि चिंधीसाठी डोळ्यांत पाणीही येऊ दे. मग हेही विचार, की चिंधीची गोष्ट एखाद्या ठाकर मुलीने सांगितली असती तर कुठून सुरू झाली असती? गोनीदा डोंगर पायाखाली घालणारे लेखक. त्यांचा त्या माणसांवर जीव होता, म्हणून ते पुस्तक आणि तो सिनेमा मला आजही आवडतो. पण दोन्ही बाहेरून आलेल्यांनी केलेली आहेत. हे म्हटल्याने त्यांचा अपमान होत नाही. तुझ्या लेखात हा विचार यायला हवा होता, कारण या वाडीत आणि त्या हॉलमध्ये, दोन्हीकडे बसलेली तू एकटी होतीस.

आता पुस्तकांचं. तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, ते मला लागलं. ‘आपल्या भागावर कोणी काही लिहिलेलंच नाही,’ असं तू म्हणतेस. बाळा, तू आपला तालुका नीट वाचलेला नाहीस.

हरिश्चंद्रगडावर आपण गेलो होतो तेव्हा केदारेश्वराच्या लेण्यातल्या गार पाण्यात तू पाय घातलेस आणि किंचाळलीस. त्याच गडावर चांगदेवांनी ‘तत्त्वसार’ रचला. गडाच्या परिसरातून मुळा निघते आणि खाली राहुरीकडे जाते. त्या राहुरीत नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई काही वर्षं राहिले. रतनगडावरून निघणारी आपली प्रवरा नेवाशाला जाते, जिथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. आपल्या डोंगरांतल्या दोन्ही नद्या मराठी पुस्तकांच्या गावांवरून वाहतात. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात निघाली. तू ती शाळेत धड्यापुरती वाचलीस, आता सबंध वाच. रीतसर शाळा न शिकलेली बाई स्वयंपाक, भांडण, रुसवा, दुखणी, दारी आलेली अनाथ मुलं, यांवर लिहिते, आणि एकाही ठिकाणी ‘हे लिहिण्याइतकं मोठं आहे का?’ म्हणून थबकत नाही. रोजच्या जगण्यावर लिहायचं असेल तर मराठीत तिच्याइतका चांगला गुरू मला माहीत नाही.

आणि ‘बलुतं’. दया पवार आपल्या अकोले तालुक्यातले, धामणगावचे. जन्म १९३५ चा. पुस्तक १९७८ साली ‘ग्रंथाली’ने काढलं. मी तेव्हा संगमनेरला शिकत होतो. एका मित्राकडे ते आलं, त्याने मला एका रात्रीपुरतं दिलं. दगडू मारुती पवार हा आपली कहाणी दया पवारांना सांगतो आहे, अशी त्याची मांडणी आहे. दगडूही तेच आणि दया पवारही तेच. मुंबईचा कावाखाना माझ्या ओळखीचा नव्हता, ती पानं मी अचंब्याने वाचली. गावाची पानं आली तेव्हा मात्र मला पुस्तक मध्येच मिटावं लागलं. गाव माझ्या ओळखीचं होतं.

दोन दिवसांनी मी घरी आलो. आपल्या जुन्या घराचा उंबरा तुला आठवत असेल, खालच्या अंगाला झिजलेला. लहानपणी सुगीनंतर एक बाई यायची, उंबऱ्याबाहेर पदर पसरून उभी राहायची, आणि तुझी पणजी वरून तिच्या पदरात दाणे सोडायची. वरून, हात न लागू देता. मी ते शंभरदा पाहिलं असेन आणि कधी पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी एस.टी.तून उतरून मी सरळ आत गेलो नाही. अंगणात, ती उभी राहायची तिथे उभा राहिलो आणि तिथून आपलं दार पाहिलं. आतला अंधार, कणगी, देवघराची समई, सगळं तिथून फार लांब दिसत होतं. एकवीस वर्षं मी तो उंबरा आतून पाहिला होता. बाहेरून पाहायला एका पुस्तकाने लावलं. मी पणजीला काही बोललो नाही, आणि ते बोललो नाही याची खंत मला आजही आहे. पुढे शाळेत पस्तीस वर्षं वर्गात कोण कुठे बसतं, माठातलं पाणी कोण काढतं, याकडे माझं लक्ष राहिलं, ते त्या दिवसापासून.

पुस्तकावर लिहितेस तेव्हा ते वाचल्यावर तू कुठे जाऊन उभी राहिलीस ते लिही. कुठेच जावंसं वाटलं नसेल, तर त्या पुस्तकावर लेख लिहायची घाई करू नकोस. पाचपैकी किती तारे द्यावेत असं तू विचारलं आहेस. ‘बलुतं’ला तारे कसे देणार? तुमच्या पिढीत ती रीत आहे, हे मला कळतं. मला ती पटत नाही.

दया पवारांची धरण बांधणाऱ्या मजूर बाईवर एक कविता आहे. ती मिळवून वाच आणि मग आपल्या धरणाकडे बघ. भंडारदऱ्याचं काम १९१० ला सुरू झालं आणि १९२६ ला पुरं झालं. सोळा वर्षं तो दगड कोणी वाहिला? तिथे इंग्रज साहेबाचं नाव लागलं, विल्सन डॅम. डोक्यावर पाटी घेतलेल्या एकाही बाईचं नाव आपल्याला माहीत नाही. आणि ते पाणी ओझरच्या बंधाऱ्यावरून कालव्यांनी खाली श्रीरामपूर-राहुरीकडच्या उसाला जातं. वरच्या वाड्यांवर उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन उतार उतरतात, ते तू पाहिलंच आहेस. पावसाळ्यात इथे गाण्यांच्या शूटिंगला माणसं येतात, छत्री धबधब्यापुढे नाचतात आणि जातात. काजव्यांच्या दिवसांत गाड्यांच्या दिव्यांची रांग लागते. प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आपलं पाणी आहे, आपले काजवे आहेत. मला त्यांचा राग नाही. पण ते चित्र अपुरं आहे, आणि ते पुरं करण्याचं काम बाहेरच्याचं नाही, आपलं आहे, असं मला मनापासून वाटतं.

त्यासाठी काय करायचं, तर एक साधी शंभरपानी वही घे. रोज निजण्यापूर्वी चार ओळी. विचार लिहू नकोस; पाहिलेलं आणि ऐकलेलं लिही. मेसच्या काकू पोळी वाढताना काय म्हणाल्या, रिक्षावाल्याने आरशावर काय लावलं होतं, खोलीतली मुलगी घरी फोन करताना कोणत्या बोलीत बोलते. इथे असशील तेव्हा शब्द टिपून ठेव. राब, चूड, इरलं, खाचर, कणगी. हे शब्द माझ्या वर्गातल्या शेवटच्या काही मुलांनाही समजावून सांगावे लागत होते. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, त्यांनी गावठी बियाणं सांभाळलं, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कोणतं वाण कोणत्या मातीत येतं आणि त्याची भाजी कशी लागते, हे त्यांना तोंडपाठ आहे. त्यांच्याकडे एकदा आपण जाऊ. त्या बोलतील ते तू नुसतं ऐक, रेकॉर्डिंग नंतर.

वहीतलं सगळंच लेखात येणार नाही. महिनाभराच्या ओळींतून एखादी कामाला येते. तुझ्या लेखात ती एक ओळ हवी होती, दोराची किंवा म्हातारीच्या द्रोणाची. ती असती तर बाकीची चार पानं तिच्या आधाराने उभी राहिली असती.

तुझी आई म्हणते, मी तुला नाउमेद करतो. तसं नाही. तुझी भाषा स्वच्छ आहे, तू कामाला भीत नाहीस, आणि आवडलेल्या गोष्टीसाठी तू चार तास हॉलमध्ये उभी राहतेस. हे माझ्या वेळी माझ्याजवळ नव्हतं. म्हणून तर एवढं लांबलचक लिहिलं.

लेख आत्ता कुठे पाठवू नकोस. थोडा थांब. रोपं वीतभर झाली आहेत, पंधरा-वीस दिवसांत आवणी लागेल. रविवार धरून चार दिवसांची सुटी काढ. आजीचं इरलं माळ्यावर आहे, काल उतरवून पाहिलं. दोन ठिकाणी पानं निसटली आहेत, वाडीवरून कोणाला तरी बोलावून नीट करून घेतो. तुझ्या त्या म्हातारीकडेही जाऊ. ती तुझी चौकशी करत होती. तिला आता कमी दिसतं, पण आवाजावरून ती तुला ओळखील.

सकाळी निघालीस तर अकोल्याहून दुपारची राजूर गाडी मिळते. मी स्टँडवर असेन. येताना वही आण.

तुझा,
मामा